खंडीभर धान आणि हजार वर्षांचं राज्य

भंडारा हा धानाचा जिल्हा. जुन्या कोष्टकात धान्याची मोजणी वीस मणांच्या खंडीने होई. शेळ्यामेंढ्या मोजायच्या तर वीस नगांची खंडी. खळ्यावर खंडी म्हटली की पायलीचाही फरक चालत नाही, कारण मजुरी, वाटा, उधारीची फेड हे सगळं तिच्यावर ठरतं. तोच शब्द उंबरठ्याच्या आत आला की वेगळं काम करू लागतो. लग्नघरात खंडीभर पाहुणे उतरले असं कोणी म्हटलं, तर ते वीस होते की एकवीस हे कोणी विचारत नाही. पाहुणे पुष्कळ होते आणि यजमानाची धांदल उडाली, एवढं ऐकणाऱ्याला कळतं, आणि सांगणारीने खोटं सांगितलं असं कोणालाही वाटत नाही. शब्द एक, आकडा एक, काम दोन. कुठे कोणतं काम चाललंय हे ऐकणारा आजूबाजूच्या बोलण्यावरून ओळखतो; एकट्या आकड्याकडे कितीही वेळ टक लावून पाहिलं तरी ते कळत नाही. बायबलमधल्या भविष्यवाण्यांत आकडे ठायी ठायी येतात: सत्तर वर्षं, सत्तर सप्तकं, साडेतीन वर्षं, एक लाख चव्वेचाळीस हजार माणसं, हजार वर्षांचं राज्य. ते जसेच्या तसे घ्यायचे की प्रतीक म्हणून, हा वाद ख्रिस्ती परंपरेत अठराशे वर्षांहून जुना आहे. माझं म्हणणं असं, की प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो. सगळे आकडे अक्षरशः किंवा सगळे प्रतीकात्मक असा सरसकट निवाडा करता येत नाही. प्रत्येक आकडा खळ्यावरचा आहे की उंबरठ्याच्या आतला, हे त्या त्या मजकुरालाच विचारावं लागतं.

हा वाद भंडाऱ्याला परका नाही. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून, आणि त्या मिशनचं काम पुढे वैनगंगेकाठी भंडाऱ्यापर्यंत पोचलं. ज्या चर्चने त्यांना पाठवलं, त्याच चर्चमध्ये तेव्हा हजार वर्षांच्या राज्यावरून दोन तट पडलेले होते. डेव्हिड ब्राऊन यांनी १८४६ मध्ये ख्रिस्ताच्या पुनरागमनावर ग्रंथ लिहून मांडलं की ते राज्य म्हणजे ख्रिस्त परत येण्याआधीचा, सुवार्तेच्या विजयाचा प्रदीर्घ काळ. होरेशियस बोनार यांनी १८४९ पासून केवळ भविष्यवाणीला वाहिलेलं एक त्रैमासिक चालवलं आणि त्यात उलट बाजू लढवली: आधी ख्रिस्त येईल, मग त्याचं पृथ्वीवरचं राज्य सुरू होईल. दोघेही एकाच चर्चचे पाळक, दोघांनीही एकाच श्रद्धाकबुलीवर सही केलेली. म्हणजे जे बायबल घेऊन मिशनरी मध्य प्रांतात उतरले, त्याच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाविषयी त्यांच्या घरातच एकमत नव्हतं, आणि तरी त्यांना एकमेकांचा विश्वास खोटा वाटला नाही. या मिशनमधून उभ्या राहिलेल्या मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. दुसरीकडे पुण्यात स्पायसरसारखी संस्था उभारणारी ॲडव्हेंटिस्ट परंपरा आहे, जिचा जन्मच दानीएलच्या पुस्तकातल्या एका आकड्याच्या हिशोबातून झाला. महाराष्ट्रातला ख्रिस्ती वाचक या दोन्ही प्रवाहांच्या काठावर उभा आहे.

मराठी वाचकाची या विषयात एक जमेची बाजू आहे. आकडा बोलतो हे त्याला शिकवावं लागत नाही. पुरुषसूक्तातल्या पुरुषाला हजार मस्तकं आहेत आणि हजार डोळे आहेत. हिशोब करायला बसलं तर एका मस्तकाला एकच डोळा येतो. सायणाचार्यांनी म्हणूनच तिथल्या हजाराचा अर्थ अनंत असा लावला. पण विष्णुसहस्रनामातला हजार मात्र भाष्यकारांनी नाव नाव मोजून जुळवला, कारण ती यादी आहे आणि यादीत गणतीला महत्त्व असतं. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस येणारा शके १२१२ हा काळाचा साधा उल्लेख आहे; त्यात गूढ शोधणं म्हणजे लेखनसमाप्तीची नोंद हरवून बसणं. कोकणातल्या बेने इस्रायल समाजाची मूळकथा तर या विषयाच्या अगदी जवळची. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागल्या, आणि त्यांच्यापासून समाज वाढला. जहाज खरंच फुटलं असेल. पण सात अधिक सात या जुळणीत आम्ही थोडे उरलो तरी पूर्ण उरलो असा अर्थ भरलेला आहे. त्याच किनाऱ्यावरच्या चित्पावनांच्या आख्यायिकेत परशुरामाने जिवंत केलेली प्रेतंही चौदाच आहेत. दोन समाज, दोन धर्म, आणि आकडा तोच. अशा ठिकाणी नेमकी किती माणसं, या प्रश्नाने हाताला काही लागत नाही.

अक्षरशः वाचन करणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा यिर्मया संदेष्ट्याचा आहे आणि तो हलक्यात घेऊ नये. यहूदातले लोक बाबेलच्या राजाची सत्तर वर्षं सेवा करतील असं यिर्मयाने सांगितलं, आणि बाबेलमधला बंदिवास खरोखरच संपला. यरुशलेमचं मंदिर इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास पडलं आणि नवं मंदिर ५१५ च्या सुमारास पूर्ण झालं. अंतर जवळजवळ सत्तर. नबुखद्नेस्सराच्या विजयापासून, म्हणजे ६०५ पासून, ५३९ मध्ये बाबेल पडेपर्यंत मोजलं तर सहासष्ट. एवढं जुळत असेल तर बाकीचे आकडेही तसेच का घेऊ नयेत, असा त्यांचा प्रश्न. पण सत्तर हा आकडा त्या प्रदेशात आधीपासून काय सांगत होता, तेही पाहू. बाबेल शहर इ. स. पूर्व ६८९ मध्ये अश्शूरच्या सन्हेरीबाने उद्ध्वस्त केलं. त्याचा मुलगा एसरहद्दोन याला ते पुन्हा बांधायचं होतं. त्याच्या शिलालेखात असं आहे की मर्दूक देवाने शहराच्या ओसाडीसाठी सत्तर वर्षं लिहिली होती, पण दया येऊन त्याने आकडा उलटा केला आणि अकराव्या वर्षी शहर वसवण्याची आज्ञा दिली. कीलाक्षरांत सत्तर लिहायला साठची एक उभी खूण आणि शेजारी दहाची खूण लागते. त्यांची जागा बदलली की दहा आणि एक, म्हणजे अकरा. यिर्मयाच्या किती तरी आधी, वेगळ्या देवाच्या नावाने, सत्तर वर्षं हा दैवी कोपाचा ठरलेला काळ होता, आणि तो ऐकणाऱ्यांना तसाच समजत होता. सत्तर म्हणजे माणसाचं एक आयुष्य, हेही स्तोत्रसंहितेत आहे.

यिर्मयाने बंदिवानांना पाठवलेलं पत्र या उजेडात वाचावं. घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, मुलांची लग्नं करा, असं तो लिहितो. दोनच वर्षांत परत जाऊ म्हणणारे संदेष्टे तेव्हा होते, आणि सत्तर हा आकडा त्यांना उत्तर म्हणून आला. आज जे प्रौढ आहेत ते परतणार नाहीत, नातवंडं परततील, एवढं त्या आकड्याला सांगायचं होतं आणि ते तंतोतंत खरं ठरलं. इथे आकडा काळाची मोजणी करतो आणि अर्थही वाहतो, दोन्ही एकदम. प्रतीकवाद्यांनी हे मान्य करायला हवं की या पत्रातला सत्तर हवेतला नाही; इतिहासाच्या जमिनीवर तो उतरला. अक्षरवाद्यांनी हे मान्य करायला हवं की त्याचं खरेपण सहासष्ट की सत्तर या फरकावर टांगलेलं नव्हतं. आणि बायबल स्वतः या आकड्याशी पुढे काय करतं ते तर फारच बोलकं आहे. दानीएलच्या नवव्या अध्यायात दानीएल यिर्मयाची सत्तर वर्षं वाचतो, प्रार्थना करतो, आणि दूत त्याला सांगतो की सत्तर सप्तकं ठरली आहेत. सत्तराचे चारशे नव्वद झाले. सातव्या वर्षी जमिनीला विसावा आणि सात वेळा सात वर्षांनंतर योबेल, या लेवीयातल्या नियमाच्या गणिताने चारशे नव्वद म्हणजे दहा योबेल होतात. ज्या ग्रंथात आकडा असा उलगडतो, तो दिनदर्शिकेसारखा वाचा असा आग्रह त्या ग्रंथातून तरी निघत नाही.

दिनदर्शिकेसारखं वाचल्यावर काय होतं हे १८४४ मध्ये दिसलं. अमेरिकेतल्या विल्यम मिलर यांनी दानीएलच्या आठव्या अध्यायातले दोन हजार तीनशे दिवस घेतले, एक दिवस म्हणजे एक वर्ष मानलं, इ. स. पूर्व ४५७ पासून मोजणी केली आणि ख्रिस्ताच्या येण्याचा काळ काढला. शेवटी त्यांच्या अनुयायांत २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की झाली. तो दिवस आला आणि गेला. शोकात बुडालेल्या त्या लोकांतल्या काहींनी तारीख राखून घटनेचा अर्थ बदलला, ती घटना स्वर्गातली होती असं मानलं, आणि त्यातून ॲडव्हेंटिस्ट चर्च उभं राहिलं. या चर्चच्या शाळा आणि दवाखान्यांनी भारतात केलेल्या सेवेबद्दल आदर ठेवूनच हिशोबाकडे बघायला हवं. दिवसाला वर्ष मानण्याचा आधार गणना आणि यहेज्केल या पुस्तकांत आहे, असं सांगितलं जातं. आहे खरा, पण दोन्ही ठिकाणी देव स्वतः सांगतो की इथे एका दिवसाला एक वर्ष धरा. जिथे असं सांगितलेलं नाही तिथेही तोच भाव लावायचा, तर योनाने निनवेला दिलेल्या चाळीस दिवसांची चाळीस वर्षं करावी लागतील, आणि ते कोणी करत नाही. शिवाय हे वाचन अक्षरशः म्हणून ओळखलं जात असलं, तरी दिवसाचं वर्ष केलं त्याच क्षणी शब्द प्रतीक झाला. अचूक राहिली ती फक्त बेरीज.

अक्षरशः वाचनातही निवड कशी शिरते, हे प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायात आणखी स्पष्ट होतं. तिथे इस्राएलच्या बारा वंशांतून प्रत्येकी बारा हजार, असे एक लाख चव्वेचाळीस हजार शिक्का मारलेले लोक आहेत. यहोवाचे साक्षीदार ही संख्या शब्दशः घेतात. स्वर्गात राज्य करणारे तितकेच, एकही कमी नाही की जास्त नाही. पण ते बारा वंश मात्र त्यांच्या मते खरे यहूदी वंश नाहीत, आणि चौदाव्या अध्यायात हेच लोक स्त्रीसंग न केलेले पुरुष आहेत असं म्हटलंय तेही ते शब्दशः घेत नाहीत. बेरजेचे घटक प्रतीक आणि बेरीज मात्र खरी, हे कोणत्या नियमाने? ती यादी तपासली तर तिच्यात दानाचा वंशच नाही, आणि योसेफ व त्याचा मुलगा मनश्शे दोघांनाही स्वतंत्र जागा आहे. शिरगणती करणारा कारकून अशी यादी देणार नाही. बारा हा आकडा राखायचा आहे म्हणून ती अशी आहे. मुख्य खूण पुढे आहे. हे दर्शन पाहणारा योहान ही संख्या कानाने ऐकतो. मग वळून डोळ्यांनी पाहतो तेव्हा त्याला दिसतो तो सर्व राष्ट्रांतला, कोणाला मोजता येणार नाही असा समुदाय. पाचव्या अध्यायातही असंच घडलंय: सिंह विजयी झाल्याचं तो ऐकतो, आणि पाहतो तर कोकरू. ऐकलेलं आणि पाहिलेलं एकच आहे, दोन बाजूंनी. बारा गुणिले बारा गुणिले हजार म्हणजे देवाच्या लेखी पूर्ण भरलेली, एकही न गळालेली प्रजा. माणसाच्या डोळ्यांना ती अगणित आहे. हा अर्थ मला मोजक्या जागांच्या अर्थापेक्षा मजकुराशी कितीतरी प्रामाणिक वाटतो.

हजार वर्षांच्या राज्यावर आल्यावर मात्र विरोधकांचं म्हणणं सावकाश ऐकलं पाहिजे, कारण त्यांच्या बाजूला फार जुनी माणसं आहेत. दुसऱ्या शतकातले हुतात्मा जस्टिन आणि इरेनियस हे दोघेही पृथ्वीवरच्या हजार वर्षांच्या राज्यावर विश्वास ठेवत. जस्टिन यांनी त्याच जागी हेही कबूल केलं आहे की शुद्ध श्रद्धेचे अनेक ख्रिस्ती लोक असं मानत नाहीत. ऑगस्टीन आधी अक्षरशः वाचत, पुढे त्यांनी मत बदललं आणि 'ईश्वराचं नगर' या ग्रंथाच्या विसाव्या खंडात हा काळ म्हणजे चर्चचा चालू काळ असा अर्थ लावला. आक्षेप असा येतो की प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात हजार वर्षं एकदा नाही, सहा वेळा आली आहेत. एवढ्या वेळा सांगितलेली गोष्ट प्रतीक कशी? पण पुन्हा पुन्हा सांगितल्याने प्रतीक आकडेवारी होत नाही. त्याच ओळींत अथांग कूपाची किल्ली आहे, मोठी साखळी आहे, तिने बांधलेला अजगर आहे. ती साखळी कोणत्या धातूची, हा प्रश्न अक्षरवादी वाचकही विचारत नाही. मग त्या चित्रातून एकटा आकडा बाहेर काढून त्यालाच दिनदर्शिकेत का बसवायचं? स्तोत्रसंहितेत देव म्हणतो की हजार डोंगरांवरची गुरं माझी. एक हजार एकावा डोंगर दुसऱ्याचा आहे असं कोणी त्यातून काढलेलं नाही.

यामागे खरी भीती वेगळी आहे आणि ती रास्त आहे. आज हजार वर्षं प्रतीक म्हटली तर उद्या ख्रिस्ताचं पुनरुत्थानही प्रतीक म्हणाल, मग हातात उरेल काय? याचं उत्तर आकड्यांतच मिळतं. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल पुनरुत्थानाचे साक्षीदार सांगतो: केफा, बारा शिष्य, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू, आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. इथे पाचशे हा खळ्यावरचा आकडा आहे. ते लोक हयात आहेत, जाऊन विचारा, असं सांगण्यासाठी तो आलाय. किल्ली, साखळी, अजगर इथे कोणी नाही. नावं आहेत, माणसं आहेत. दृष्टांतातला आकडा दृष्टांतासारखा वाचणारा माणूस साक्षीतला आकडा साक्षीसारखा वाचायला मोकळा राहतो. उलट सगळे आकडे एकाच मापाने वाचायला लावले, तर एक तारीख चुकल्यावर वाचकाचा विश्वास सगळ्यांवरूनच उडतो, आणि १८४४ नंतर काहींचा तो उडालाही.

प्रतीकवादी वाचनाचा दोष मला तितकाच गंभीर वाटतो. प्रतीक म्हटलं की मोकळीक मिळाली, आता आपल्याला हवा तो अर्थ भरावा, ही सवय. मराठी वाचकाला हा धोका जास्त, कारण त्याच्याकडे स्वतःच्या अर्थांचं भांडार तयार आहे. साडेतीन हाच आकडा घ्या. आपल्याकडे साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, साडेतीन हातांचा देह, साडेतीन वेटोळ्यांची कुंडलिनी. या साडेतीनात शुभ आहे, आपल्यापुरती एक पूर्णता आहे. दानीएल आणि प्रकटीकरणातला साडेतीन याच्या अगदी उलट दिशेचा. तो सातचा अर्धा आहे. पूर्ण होऊ न शकलेला, मध्येच मोडलेला काळ. जुलमी सत्तेला सात मिळत नाहीत, साडेतीनच मिळतात, असं तो सांगतो. हा अर्थ इब्री ग्रंथांच्या शेजारातून शिकावा लागतो. पंडिता रमाबाईंनी केडगावात इब्री आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणलं, ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. भाषांतरात आकडा हा सगळ्यांत सोपा शब्द, पण त्याचं वजन शब्दाबरोबर मराठीत उतरत नाही. सहाशे सहासष्टचंही असंच. इब्रीत अक्षरांनाच संख्यांची किंमत असते, आपल्याकडच्या कटपयादी पद्धतीसारखी, आणि नीरो कैसर हे नाव ग्रीक उच्चाराप्रमाणे शेवटी 'न' ठेवून इब्री अक्षरांत लिहिलं तर बेरीज ६६६ येते. लॅटिन उच्चाराप्रमाणे तो 'न' गाळला तर पन्नास कमी होऊन ६१६. काही जुन्या प्रतींत, इजिप्तमध्ये सापडलेल्या एका पपायरसमध्येही, खरोखर ६१६ च आहे. इरेनियस यांना तो पाठ माहीत होता. त्यांनी तो नाकारला आणि नावांचे अंदाज बांधू नका असंही बजावलं. दोन्ही बेरजा एकाच नावाकडे जाणं हा योगायोग मानणं मला कठीण जातं. इथे प्रतीक मोकळं नाही. त्याच्यामागे इतिहासातला एक माणूस आहे.

या मांडणीत न बसणारे आकडेही आहेत आणि ते लपवणं बरोबर नाही. दानीएलच्या अखेरीस एक हजार दोनशे नव्वद आणि एक हजार तीनशे पस्तीस दिवस येतात. ते सातच्या, बाराच्या, दहाच्या कुळातले नाहीत. त्यांच्यात ओळखीचं प्रतीक सापडत नाही. अंतियोख राजाने मंदिर विटाळलं ते इ. स. पूर्व १६७ मध्ये, आणि ते पुन्हा शुद्ध झालं १६४ मध्ये; तीन वर्षांहून थोडा अधिक काळ. अनेक अभ्यासकांना हे दोन आकडे त्याच संकटात प्रत्यक्ष मोजलेले, वाट पाहताना वाढवलेले दिवस वाटतात. मलाही ते खळ्यावरचेच वाटतात.

प्रकटीकरणाच्या अकराव्या ते तेराव्या अध्यायांत मात्र त्या साडेतीन वर्षांचं लिखाण निरखून पाहावं. काळ एकच, पण तो तीन तऱ्हांनी सांगितलाय. राष्ट्रं पवित्र नगर तुडवतात ते बेचाळीस महिने. श्वापदाला अधिकार मिळतो तोही बेचाळीस महिने. दोन साक्षी गोणपाट नेसून संदेश देतात ते एक हजार दोनशे साठ दिवस. रानात पळालेल्या स्त्रीचं पोषण होतं तेही एक हजार दोनशे साठ दिवस. आणि अजगर मागे लागल्यावर तिच्यासाठी हाच काळ पुन्हा येतो, दानीएलच्या जुन्या शब्दांत, काळ, दोन काळ आणि अर्धा काळ असा. तीस दिवसांचा महिना धरला तर सगळं बरोबर जुळतं. नुसती मुदत कळवायची असती तर एकदाच, एकाच मापात सांगून भागलं असतं. इथे जुलूम करणाऱ्यांचा काळ महिन्यांत आहे आणि सोसणाऱ्यांचा दिवसांत, आणि दिवस मोजणं म्हणजे काय असतं हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.